डाव्या बाजूचे भोवरे

उंच मुली मिळत नाहीत, ही सरांची दर वर्षीची तक्रार. जूनमध्ये कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की ते रोज तिथे जाऊन बसतात. जिन्याशेजारच्या भिंतीवर त्यांनी खडूची एक रेघ मारून ठेवली आहे. जिचं डोकं रेघेला लागेल तिला थांबवायचं, हात दोन्ही बाजूंना पसरायला लावायचे आणि विचारायचं, "रोइंग करणार का?" मुली हसतात. काही जणी धरण बघायला मिळेल म्हणून येतात. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतात, आठव्या दिवशी आरशात तोंड काळवंडलेलं दिसतं, आणि पंधरा दिवसांत बोटी शेडमध्ये आणि मुली आपापल्या घरी.

कॉलेजचा हा बोट क्लब गंगापूर धरणाच्या काठावर आहे. मी तिथे झाडलोट करते, चहा करते, पाण्यातून आलेल्या बोटी पुसते. मालक सातपूरला कंपनीत आहेत, मुलगा तिकडेच आयटीआयला जातो. मी चौथी शिकलेली. त्यानंतर आईबापांबरोबर मजुरीला जायला लागले. वाचायची आवड राहिली, बोलायची कधी नव्हतीच. चार माणसांत बोलायचं म्हटलं की घशात काहीतरी अडकतं. लिहिताना अडकत नाही, म्हणून हे लिहिते आहे. वही डब्यांच्या मागे असते, ती कुणी वाचणार नाही.

गेल्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला सर चहा पिताना म्हणाले, "मावशी, या नाशकात उंच पोरी राहिल्याच नाहीत बघा."

ते मला विचारत नव्हते, नुसते बोलत होते. मी पातेल्याकडे बघत म्हणाले, "आमच्याकडं आहेत."

सरांनी कप खाली ठेवला. तीन वर्षांत मी त्यांच्याशी चहा आणि किल्ली सोडून काही बोलले नव्हते. "तुमच्याकडं म्हणजे कुठं?"

"हरसूलकडं. माझं माहेर."

"पोहता येतं पोरींना?"

"येतं. आवणी पण येते."

आवणी म्हणजे भाताची रोपं लावणं. सर म्हणाले, "त्याचा काय संबंध?" तेव्हा मी गप्प झाले. संबंध मला माहीत होता, पण सांगायला लागले असते तर सगळं उलटसुलट झालं असतं.

तो संबंध इथे लिहिते. बोट चालवणाऱ्या मुली उलट्या बसतात. तोंड मागे आणि बोट जाते पाठीकडे. नव्या मुलींना हे जमता जमत नाही. सारख्या मान वळवून बघतात, आणि मान वळवली की बोट कलते. आवणीतही बाया उलट्याच चालतात. गुडघाभर चिखलात ओळीने वाकायचं, पुढ्यात रोप खोचायचं आणि मागे सरकायचं. मागे बांध किती लांब आहे ते कुणी वळून बघत नाही. शेजारणीच्या हाताच्या आवाजावरून आपला हात चालतो. दहा-दहा बाया दिवसभर अशा मागे मागे जातात आणि ओळ वाकडी होत नाही. मी सहा वर्षांची असल्यापासून हे केलं आहे. पहिल्यांदा बोट पाण्यात जाताना बघितली, तेव्हा मला वाटलं, अरे, ही तर आवणीच चालली आहे.

आवणीची आणखी एक रीत आहे. प्रत्येक बाईची स्वतःची पात असते, तिने लावायचा पट्टा. एखादी मागे पडली, दमली, पोटुशी असली, तर शेजारीण तिच्या पातीतलं वीतभर आपल्या पातीत घेते. न बोलता. जिचं घेतलं तीही काही बोलत नाही. मागे पडलेलीला एकटी मागे ठेवत नाहीत. ही रीत मी सरांना तेव्हाच सांगितली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी सर माझ्याबरोबर हरसूलला आले. खडूची रेघ मारायला भिंत नव्हती, म्हणून त्यांनी एक बांबू आणला होता, त्यावर उंचीची खूण. बाजारात असा बांबू आणि टेप घेऊन उभा असलेला माणूस बघून बायकांना वाटलं, शाळेच्या गणवेशाची मापं घेणारा आला. दहा मिनिटांत त्यांच्यापुढे लहान पोरांची रांग लागली.

"हिचं पण घ्या साहेब," एक बाई म्हणाली. "मागच्या साली आखूड दिलं तुम्ही."

"अहो, मी कपड्यांचा नाही. मी बोटीचा."

"बोटीचा ड्रेस देणार का मग?"

मी पदर तोंडाला लावून मागे उभी होते. शेवटी माझी भाचीच पुढे आली. भावाची मोठी मुलगी. ती करटुल्यांचं टोपलं घेऊन बसली होती. आश्रमशाळेतून नुकतीच बारावी झालेली. ती लोकांना म्हणाली, "सरका रे, ते पोरांचे नाय, मोठ्या पोरींचे साहेब हायेत. आत्याच्या कामावरचे." आणि स्वतःच बांबूला पाठ लावून उभी राहिली. खूण तिच्या कानापाशी आली. सरांनी बांबू आडवा धरून तिला हात पसरायला सांगितले. तिचे हात बांबूपेक्षा लांब गेले. सरांनी टेप लावला, परत लावला, आणि मग माझ्याकडे बघितलं.

भाऊ लगेच हो म्हणाला नाही. रात्री जेवताना म्हणाला, "आवणी झाली की ने. दिवाळीपर्यंत बघू. ते तिला ठेवतात का, राहायला देतात का. नाय ठेवलं तर दिवाळीनंतर आमच्याबरोबर दिंडोरीला." दिंडोरीला म्हणजे द्राक्षाच्या मळ्यात, दर वर्षी ते जातात तिथे. मीही लहानपणी तिथेच गेले होते, चौथीची परीक्षा झाली आणि गेले. त्या रात्री भाची माझ्याशेजारी झोपली होती आणि मला विचारत राहिली. पाणी किती खोल असतं? पडलं तर? उलटं बसून कुठं चाललो ते कसं कळतं? मी म्हणाले, आवणीत कसं कळतं? ती हसली. म्हणाली, "एवढंच का."

ती आली तेव्हा कॉलेजची शेवटची यादी लागत होती. सरांनी खटपट करून तिला कला शाखेला घातलं. त्या वर्षी नव्या मुली बावीस आल्या आणि सप्टेंबरपर्यंत सहा राहिल्या. पाच वल्हं ओढणाऱ्या आणि एक बुटकी, जी बोटीच्या टोकाला तोंड पुढे करून बसते, सुकाणूची दोरी धरते आणि ओरडून ताल देते. दिवाळीआधी कॉलेजला पाच नावं द्यायची होती. चार ओढणाऱ्या आणि ती ओरडणारी. त्या पाचांना वसतिगृहात पुढे जागा, फी माफ. सहावी घरी. हे सर्वांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मुली एकमेकींना गावावरून हाक मारायच्या. माझी भाची हरसूल. तिच्या खोलीत राहणारी सातपूर, किडकिडीत, सतत बोलणारी. तिचे वडील कंपनीत ठेक्यावर होते. एका खोलीत आठ माणसं.

"ए हरसूल, तुमच्याकडं लाइट आली का गं?" सातपूर चहाला बसली की सुरू व्हायची.

"आली ना. तुमच्या पाण्यासारखी. एक दिवसाआड."

"बघा मावशी, भाची कशी बोलते."

"आणि तू वल्ह्यानं पाणी ढवळू नको. आत्या करते चहा, तू नको करू."

सातपूर मला एकदा म्हणाली, वसतिगृहातली खाट ही तिची आयुष्यातली पहिली खाट. रात्री तिला कुणाचा पाय लागत नाही. हे सांगताना ती हसत होती. आधी ती चहाला यायची तेव्हा मला तिची बडबड जड जायची. त्यानंतर ती आली नाही की मला चुकल्यासारखं व्हायचं.

नव्या मुलींना आधी रुंद बोटीत बसवतात. ती दोन दोरांनी धक्क्याला बांधलेली असते. ओढायचं, पण जायचं कुठेच नाही. एका रविवारी सर नव्हते, मुलींचा सराव झाला होता. भाची म्हणाली, "आत्या, तू बस ना."

मी नाही म्हणाले. लोक बघतील.

"कोण बघणार? बगळे?"

तिने माझा हात धरून मला उतरवलं. सीट सरकती असते, बसल्याबरोबर ती मागे गेली आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला. तिने माझे पाय बोटीतल्या बुटांत घातले, पट्टे आवळले. साडी गुडघ्यांशी गोळा करून दिली. वल्हं हातात दिलं. म्हणाली, "आधी पायानं ढकलायचं, मग पाठ, सगळ्यात शेवटी हात. पाणी ओढायचं नाय आत्या, पाण्याला टेकून आपण जायचं." मी ढकललं. दोर ताणले, बोट एकदम जिवंत झाली आणि थांबली. परत ढकललं. वल्ह्याच्या मागे पाण्यात एक भोवरा उमटला, गोल, फिरत फिरत लांब गेला. तो माझा होता. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा मला कळलं की हे मला येतं. आधीपासूनच येतं. चौथ्यांदा ओढणार तर काठावर मासे धरणारा एक माणूस आला, आणि मी पट्टे सोडवून उतरले.

भाची म्हणाली, "तू माझ्या वयाची असती तर सरांनी तुला सोडलं नसतं." मी तिला म्हणाले, जा, आंघोळ कर. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

ऑक्टोबर लागला तेव्हा पाच जणींतल्या चौघी खऱ्या बोटीत होत्या. लांब, अरुंद, हाताने दाबली तर दबेल अशी. बोटीत एकीआड एक अशी वल्ही असतात, दोन डाव्या हाताला, दोन उजव्या. डाव्या हाताच्या दोघी म्हणजे सातपूर आणि हरसूल. सातपूर पुढे, हरसूल सगळ्यात शेवटच्या जागेवर, म्हणजे तिला बाकी तिघींच्या पाठी दिसायच्या. पाचवी मुलगी उजव्या हाताची होती, ती उजवीकडच्या दोघींशी आळीपाळीने बसायची. सर मोटरबोटीतून मागोमाग जायचे आणि ओरडायचे. "पाठ सरळ! एकत्र, एकत्र!" बोट सरळ जायची. सर खूश असायचे.

शेड उंचवट्यावर आहे, माझी चूल शेडच्या कडेला. सकाळी वारा नसतो तेव्हा पाणी काचेसारखं असतं. बोट पुढे गेली की मागे वल्ह्यांचे भोवरे दोन रांगांत राहतात, जणू पाण्यात पावलं उमटलीत. सरांना ते दिसत नसत, त्यांच्या मोटरच्या लाटांनी ते मोडून जात. मला वरून मोटर पोचायच्या आधीचे दिसत. उजव्या रांगेत सगळे भोवरे सारखे. डाव्या रांगेत एक लहान, एक मोठा, एक लहान, एक मोठा. लहान म्हणजे किती, वाटीएवढा. आणि मोठा परातीएवढा.

पहिल्या दिवशी वाटलं, असेल काहीतरी. चार दिवस बघितलं. लहान भोवरा सातपूरचा होता, मोठा भाचीचा. सातपूर दमली की मोठा आणखी मोठा व्हायचा. माझी भाची तिची पात ओढत होती. त्यामुळे बोट सरळ जायची, आणि त्यामुळेच शेवटच्या टप्प्यात भाचीचा दम संपायचा. धक्क्याला लागल्यावर सातपूर उतरून गप्पा मारायची आणि भाची वल्ह्यावर डोकं टेकून बसून राहायची. सर वहीत काहीतरी लिहायचे.

संध्याकाळी भाची बोट पुसायला थांबली होती. मी म्हणाले, "तू तिची पात घेते."

ती पुसतच राहिली. "दिसतं का वरून?"

"दिसतं."

"सरांना?"

"नाही."

"मग तू पण नको सांगू."

"तुला काढतील. सर म्हणतात तुला दम नाही. शेडमधल्या सरावाच्या मशीनवर चांगली ओढते, पाण्यात शेवटी सोडते म्हणतात."

"मी सोडलं ना आत्या, तर बोट वाकडी जाईल. मग सरांना कळेल कोण कमी हाय. ती घरी जाईल." फडकं पिळून ती म्हणाली, "तिला घरी जायचं नाय."

"आणि तुला?"

ती बोटीवरून हात फिरवत गेली, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, कोरडी जागा परत पुसत. मग म्हणाली, "मी मुद्दाम नाय करत. ती मागं पडली की माझा हात आपोआप जातो. मला दुसरं येत नाय."

मी तिला शब्द दिला नाही, पण गप्प राहिले, म्हणजे दिल्यासारखाच. गप्प राहणं मला सोपं जातं. एरवी माझ्या या स्वभावाने कुणाचं काही बिघडत नाही.

नावं द्यायच्या आदल्या दिवशी सर चुलीपाशी आले. एकटेच होते. म्हणाले, "मावशी, तुमच्या भाचीचं काही समजत नाही. घरी काही त्रास आहे का? तब्येत? खाते ना नीट?"

असं विचारायला कुणी कधी माझ्याकडे येत नाही. सर थांबले होते. चहा उकळत होता. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, सर, उद्या सकाळी इथं वर उभे राहा आणि पाण्याकडं बघा. एवढं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. खाली धक्क्यावर दोघी दिसत होत्या. सातपूर काहीतरी सांगत होती आणि भाची हसून वाकली होती.

मी म्हणाले, "नाही सर. काही त्रास नाही."

"बरं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाच नावं लागली, भाचीचं त्यात नव्हतं. सर म्हणाले, उजवीकडच्या पाचवीला डावीकडे शिकवीन, वेळ लागेल पण जमेल. भाचीला ते वाईट शब्द बोलले नाहीत. कॉलेज सुरू ठेव, पुढच्या वर्षी बघू, असंही म्हणाले. पण वसतिगृह नाही म्हटल्यावर कॉलेज कुठलं. माझ्याकडे राहा म्हणाले मी तिला. आमची एकच खोली, मुलगा मोठा झालेला, मालक रात्रपाळीचे दिवसा झोपणारे. तिने ते सगळं माझ्याआधी बघितलं होतं. म्हणाली, "बाबांना सांगितलंय ना, दिवाळीपर्यंत."

सातपूर माझ्याबरोबर तिला सोडायला एसटी स्टँडपर्यंत आली. तिला तोवर काही माहीत नव्हतं. मला म्हणाली, "मावशी, ही दमली नसती तर मीच गेले असते." मी भाचीची पिशवी उचलून गाडीत ठेवली.

दिवाळीनंतर बोट पाण्यात गेली ती वाकडी. पाचवी मुलगी भाचीच्या जागेवर होती. टोकाची मुलगी सुकाणू ओढून ओढून थकली, तरी बोट काठाकडे जायची, दोनदा गवतात शिरली. सर आधी पाचवीवर चिडले. तुझी बाजू बदलली आहे, लक्ष दे. आठवडाभर तेच. मग एका सकाळी त्यांनी मोटर बंद केली, काठाला लावली आणि चालत वर आले. माझ्या चुलीशेजारी उभे राहून त्यांनी पाणी बघितलं. डाव्या आणि उजव्या रांगेतला फरक तर आता शेंबड्या पोरालाही दिसला असता. मोठा भोवरा तिथे नव्हताच. एक मध्यम, एक वाटीएवढा.

सर मग म्हणाले, "ती दोघींचं ओढत होती."

मी मान हलवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

मी परत मान हलवली. मला वाटलं ते ओरडतील. ते म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं मावशी." एवढंच. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

त्याच आठवड्यात त्यांनी कॉलेजात जाऊन वसतिगृहात एक जास्तीची जागा मिळवली. मला म्हणाले, जा, घेऊन या तिला, हजेरीचं मी बघतो. सातपूरलाही सगळं कळलं होतं. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर गेटपर्यंत आली. म्हणाली, "तिला सांगा, ती येते तर मी जाते. जागा दोघींना पुरत नसेल तर मीच जाते."

दिंडोरीला मी दुपारी पोचले. घडांची विरळणी चालू होती. वेलाखाली हात वर करून उभं राहायचं, प्रत्येक घडातले जादा मणी कात्रीने काढायचे. भाची ओळीत सगळ्यात पुढे होती. उंच असल्यामुळे तिला टाचा उचलाव्या लागत नव्हत्या. भाऊ म्हणाला, "तिलाच विचार. मी अडवत नाय. तिनं यायचं म्हटलं तर आजच घेऊन जा."

मी तिला सगळं सांगितलं. इतकं मी आयुष्यात सलग बोलले नसेन. बोट वाकडी गेली, सर वर आले, जास्तीची जागा आहे, सातपूर असं म्हणाली. ती मणी काढत ऐकत राहिली. कात्री थांबली ती फक्त सातपूरचं सांगितलं तेव्हा.

"तिला म्हणावं गप बस आणि मशीनवर ओढ."

"आणि तू?"

"मी आले तर ती जाईल."

"सर म्हणतात जागा आहे."

"वसतिगृहात हाय. बोटीत चारच." तिने माझ्याकडे बघितलं. "मी परत तिच्या मागं बसले तर परत तेच करीन आत्या. आणि दुसरीच्या मागं बसवली, ती दमली, तर तिचंही करीन. सरांना अशी नको असते. त्यांना एकेकीचं बघायचं असतं. त्यांचं बरोबर हाय. पण मला तसं शिकायचं नाय."

"मी बोलले असते त्या दिवशी," मी म्हणाले, "सरांनी विचारलं तेव्हा."

"मीच नको म्हटलं होतं."

"तरी."

तिने माझा हात हातात घेतला. तिच्या तळव्यावरचे वल्ह्याचे घट्टे मऊ पडले होते, कात्रीचा नवा घट्टा अंगठ्याच्या बुडाशी येत होता. तिच्या शेजारची बाई मागे राहिली होती, वाकडी कंबर धरून उभी. भाचीने माझा हात सोडला आणि त्या बाईच्या वेलीवरचे चार घड विरळून दिले, माझ्याशी बोलत बोलतच. संध्याकाळच्या गाडीने मी एकटी परत आले.

आता नवीन जुलै आला आहे. सर या वर्षी पुन्हा हरसूलला गेले, बांबू घेऊन, आणि तीन मुली आणल्या. सकाळी ते आधी माझ्या चुलीपाशी येतात, पाणी बघतात. कधी मला विचारतात, "मावशी, डावीकडं काय दिसतंय?" मी सांगते. आता सांगते. सातपूरने हिवाळाभर मशीनवर घाम काढला. तिच्या भोवऱ्याला आता परातीचा घेर आहे. ती शेवटच्या जागेवर बसते, भाचीच्या. चहाला येते पण पहिल्यासारखी बोलत नाही.

भाचीचं लग्न ठरलेलं नाही, ती आजारी नाही, तिचं काही वाईट झालेलं नाही. लोक विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते, आणि ते खरं आहे. पण सकाळी साडेपाचला शेडचं कुलूप काढलं, बोटी बाहेर आल्या, की मला अजून पहिली तिची पाठ दिसते. मुली आठ असतात आणि मी नऊ कप भरते. एक कप मग मीच पिते, गार झाल्यावर.

रविवारी तिचा फोन येतो. आवणी चालू आहे, बांधावरून बोलते, मागून बायकांचे आवाज येतात. घरच्या चौकशा झाल्या की ती थोडं थांबते आणि विचारते, "आज पाणी कसं होतं?"

मी तिला सांगते. धुकं सातपर्यंत होतं. वारा नव्हता. धरण निम्म्याच्या वर भरलं आहे, धक्क्याच्या दोन पायऱ्या बुडाल्या. पलीकडच्या काठाला पाणकोंबड्या आल्यात. बोट सरळ गेली, भोवरे सारखे होते, लांबपर्यंत राहिले. मी सांगत राहते. तिकडून ती काही बोलत नाही, फोन ठेवतही नाही. मीही ठेवत नाही.